नमुना सतरा

गुरुवारी पाषाणला पाणी नसतं.
बुधवारीच दोन कॅन भरून ठेवते मी,
बाटल्या विसळायला आणि चहाला.
इनक्युबेटरला गुरुवार माहीत नाही.
आत सदतीस अंश, बारा महिने,
बाळंतिणीच्या खोलीसारखी ऊब,
आणि गुलाबी द्रवात
नमुना सतरा वाढतोय.

एरंडवण्यातून आला होता, बर्फाच्या डब्यात,
स्कूटरवर, पायांच्या मध्ये धरून.
फिकट पिवळं पाणी, पोटातून काढलेलं.
सहा महिने ती त्याला गॅस म्हणत होती.
ओवा चावत होती, सैंधव लावून.
पोटावरचा ब्लाऊज घट्ट झाला तेव्हा
कुणीतरी कौतुकानं म्हणालंही असेल,
अंग धरलंस गं मालन.

नाव मला कळायला नको होतं.
संमतीपत्राची झेरॉक्स चुकून जोडून आली.
मालन दत्तू ढमढेरे, वय बावन्न, शिक्रापूर.
सहीतला न ओळीखाली घसरलेला.

बदामाएवढं अंडाशय.
तिथे काय झालं ते मी मला असं सांगते:
पेशीच्या दाराशी निरोप येतो.
वाढ. एवढाच शब्द.
दारातले दोघे एकमेकांना धरतात,
एकमेकांना फॉस्फेटचा टिळा लावतात,
मग आतल्याला, मग त्याच्या पुढच्याला,
कानगोष्टींच्या खेळासारखं,
फक्त इथे शब्द बिघडत नाही, फुगतो.
एकाचे शंभर, शंभराचे लाख,
केंद्रकाशी पोचेतो आरोळी झालेली.

वाढ, वाढ,
पंगतीत पुकारतात तसं.
आणि पानावर आडवा हात धरून
पुरे म्हणणारं एक प्रथिन असतं, पीटेन.
मालनबाईंच्या पेशीत तो हात नाही.
एक अक्षर गळलं, बास.
आता दाराशी कुणी आलं नाही तरी
आत निरोप फिरतोच आहे.

औषध घातलं.
चौथ्या तासाला फिल्मवरची काळी पट्टी विरली,
आणि मी डार्करूममध्ये, लाल दिव्याखाली,
एकटीनेच टाळी वाजवली.
चिपळोणकर सर म्हणाले, चोवीस तास थांबा.

चोविसाव्या तासाला पट्टी परत आलेली.
चांदणी चौक बंद केला की गाड्या
सूसवरून वळतात, बाणेरवरून,
कुणाच्या तरी सोसायटीच्या मागच्या गेटातून,
पण पोचतात.
हिला एवढे बोळ कुणी दाखवले?
मी सात वर्षं इथे आहे, मला अजून
औंधात वळण चुकतं.

मंगळवारी तौफिक नवा डबा घेऊन आला.
पावतीवर माझी सही घेता घेता म्हणाला,
सतरा नंबरच्या ताई शनिवारी गेल्या, मॅडम.
आणि पेन परत मागितलं.

निरोप म्हणजे कुणाच्या तरी हाती पाठवलेले शब्द.
निरोप म्हणजे फाटकापर्यंत जाऊन उभं राहणं.
एकाच शब्दात दोन्ही का कोंबलंय
हे मी कधी कुणाला विचारलं नाही.

हा निरोप मात्र फ्लास्कमध्ये पोचलेला नाही.
तो नेणारा रेणू नाही.
सूक्ष्मदर्शकाखाली त्या तशाच, एकीला एक चिकटून,
काठापर्यंत भरलेल्या, काही दुभंगताना पकडलेल्या.
आज जागा संपली म्हणून
एकाचे तीन फ्लास्क केले मी. अकराव्यांदा.
झाकणावर तारीख घातली, सतरा लिहिलं,
शेरा या रकान्यात पेन टेकवलं
आणि उचललं. शाईचा ठिपका राहिला.

जनरेटर सुरू झाला, दिवे एकदा मिचकावले.
पाण्याचा दुसरा कॅन अर्धा उरलाय, उद्या पुरेल.
इनक्युबेटरचं काचेचं दार लावलं, मग बाहेरचं.
बॅग खांद्याला अडकवताना
तोंडातून गेलं,
घरातून निघताना जातं तसं,
येते.